घोड्यावरून उतरायचं कधी?

मुलांनो, आज ॲटलास जवळ घेऊन बसा. आशियाचं पान उघडा. चीनची राजधानी बीजिंग सापडली? आता बोट तिथून हळूहळू वर, उत्तरेकडे सरकवा. डोंगरांची रांग ओलांडली की नकाशावरचा हिरवा रंग फिका होत जातो आणि पिवळट-तपकिरी रंग सुरू होतो. हा मंगोलियाचा मुलूख. पाऊस थोडा, थंडी हाडं गोठवणारी, शेती जवळजवळ नाहीच. आहे ते गवत! नजर पोचेल तिथपर्यंत नुसतं गवत. त्या गवतावर चरणाऱ्या मेंढ्या, घोडे आणि त्यांच्यामागं तंबू घेऊन फिरणारी माणसं.

आता बोट खाली आणा. बीजिंगच्या दक्षिणेला पीत नदी, तिच्याही खाली यांगत्से. इथं गव्हाची आणि भाताची शेतं, रेशमाचे किडे पाळणारी गावं, गजबजलेली शहरं आणि पुस्तकांत डोकं खुपसून परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी. हो, परीक्षा तेव्हाही होत्या, आणि तुमच्या-आमच्यापेक्षा कितीतरी कडक!

एकीकडे गवत, दुसरीकडे शेत. तेराव्या शतकात गवताकडच्या माणसांनी शेताकडच्या माणसांचा सगळा देश जिंकला. इ. स. १२९० मध्ये चीनमध्ये झालेल्या मोजणीत जवळजवळ ५ कोटी ८८ लाख माणसांची नोंद झाली. त्यांच्यापुढं मंगोल म्हणजे मूठभरच. मग या मूठभरांनी एवढ्या मोठ्या देशाचा कारभार हाकला तरी कसा? आणि शंभर वर्षांच्या आतच त्यांना परत गवताकडे का पळावं लागलं? आपल्या सदरात आज हीच गोष्ट.

पण आधी एक शंका दूर करू. मंगोल म्हणजे आपल्या इतिहासातले मोगल का? तर नाही. ‘मुघल’ हा ‘मंगोल’ याच शब्दाचा फारसी अवतार आहे आणि बाबराच्या आईकडचं घराणं चेंगीझखानापर्यंत पोचतं, एवढं नातं खरं. पण आजची गोष्ट बाबराच्या दिल्लीतल्या विजयाच्याही अडीचशे-तीनशे वर्षं आधीची आहे.

कुरण की शेत?

चेंगीझखान १२२७ मध्ये वारला. त्याचा मुलगा ओगेदेई गादीवर आला तेव्हा उत्तर चीनचा मोठा भाग मंगोलांच्या हाती आला होता. आता या मुलखाचं करायचं काय, यावर दरबारात खल सुरू झाला. काही सरदारांचं म्हणणं अगदी सरळ होतं. हे चिनी शेतकरी आपल्या काय कामाचे? त्यांना हुसकून लावा, शेतं मोडा, सगळीकडे गवत उगवू द्या. घोड्यांना झकास कुरण मिळेल!

ऐकूनच अंगावर काटा येतो ना? लाखो माणसांचं जगणं-मरणं त्या एका चर्चेवर टांगलेलं होतं.

तेव्हा एक माणूस पुढं झाला. त्याचं नाव येलू छूत्साय. उंचापुरा, लांब दाढीचा, ज्योतिष आणि ग्रंथ यांत मुरलेला. तो मंगोल नव्हता आणि चिनीही नव्हता. तो खितान नावाच्या तिसऱ्याच जमातीचा. त्यानं काय केलं असेल? दयेची भीक मागितली? मुळीच नाही. शहाणा माणूस, समोरच्याला कोणती भाषा कळते हे त्याला ठाऊक होतं. त्यानं हिशोब मांडला! शेतकऱ्यांना शेती करू द्या, व्यापाऱ्यांना व्यापार करू द्या आणि त्यांच्याकडून ठरलेला कर घ्या. वर्षाला पाच लाख ल्यांग चांदी, ऐंशी हजार ठाण रेशमी कापड आणि चार लाख मापांहून जास्त धान्य तुमच्या कोठारात येईल. (ल्यांग हे चांदी तोलायचं चिनी वजन.)

ओगेदेई म्हणाला, बघू करून. १२३० मध्ये उत्तर चीनचे दहा विभाग पाडून कर गोळा करणारे अधिकारी नेमले गेले. पुढच्याच वर्षी चांदी आणि रेशीम खानासमोर येऊन पडलं, तेव्हा तो थक्क झाला. कुरणाची गोष्ट मागं पडली.

येलू छूत्साय खानाला नेहमी एक जुना चिनी विचार ऐकवत असे. घोड्यावर बसून राज्य जिंकता येतं, पण ते चालवायचं तर घोड्यावरून खाली उतरावं लागतं, असा त्याचा अर्थ. मुलांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरणार आहे.

दादू नावाची राजधानी

घोड्यावरून उतरायचा खरा प्रयत्न केला तो चेंगीझखानाचा नातू कुबलाईखान यानं. त्याचा जन्म १२१५ चा. १२६० मध्ये तो खान झाला. १२७१ मध्ये त्यानं आपल्या घराण्याला ‘युआन’ हे चिनी नाव दिलं. म्हणजे चीनच्या जुन्या राजघराण्यांच्या माळेत आपलाही मणी ओवला. दक्षिण चीनमध्ये मात्र अजून सोंग घराण्याचं राज्य होतं. १२७६ मध्ये त्यांची राजधानी (आजचं हांगचौ) शरण आली आणि १२७९ मध्ये शेवटची समुद्री लढाई होऊन सगळा चीन कुबलाईचा झाला.

राजधानीसाठी त्यानं १२६७ पासून एक नवं शहर बांधायला घेतलं. नाव ठेवलं ‘दादू’! हसू नका. चिनी भाषेत दादू म्हणजे ‘मोठी राजधानी’. सरळ रेघेत आखलेले रस्ते, चौफेर तटबंदी, मधोमध महाल. आजचं बीजिंग त्याच जागी उभं आहे. तिथं एक पांढराशुभ्र स्तूप आजही दिसतो. तो बांधला आपल्या शेजारच्या नेपाळमधून गेलेल्या अरनिको नावाच्या कलावंतानं. १२६० मध्ये तो ऐंशी कारागिरांची तुकडी घेऊन आधी तिबेटात गेला, तेव्हा त्याचं वय होतं फक्त सोळा-सतरा. म्हणजे आजच्या अकरावी-बारावीतल्या मुलाएवढं! तिथलं त्याचं काम पाहून त्याला थेट कुबलाईच्या दरबारात बोलावणं आलं. नेपाळमधल्या एका महामार्गाला आज त्याचं नाव आहे.

एवढा महाल बांधला, पण कुबलाईच्या मनातलं गवत काही सुकलं नव्हतं. त्यानं म्हणे गवताळ प्रदेशातून गवत आणून महालाच्या अंगणात लावलं. आपण कुठून आलो हे मुला-नातवंडांनी विसरू नये म्हणून! आणि उन्हाळा आला की सगळा दरबार उत्तरेला, शांगदू नावाच्या दुसऱ्या राजधानीत जाई. तिथं कुरणं, शिकार, घोडीचं आंबवलेलं दूध असा सगळा घरचा थाट.

कुबलाईची राणी छाबी ही मोठी विचारी बाई. एकदा खानाच्या पहाऱ्यातल्या सरदारांनी राजधानीभोवतीची शेतजमीन घोड्यांच्या चराईसाठी मागितली. खानानं होकारही दिला. म्हणजे पुन्हा तेच, कुरण की शेत! छाबीनं खानाला थेट टोकलं नाही. ती आली आणि त्याच्यासमोरच त्याच्या चिनी सल्लागाराला रागावली. तुम्ही एवढे शहाणे, खान तुमचं ऐकतात, मग अशा वेळी तुम्ही गप्प का? लोकांनी वसवलेली, कसलेली जमीन आता काढून घेणं बरं दिसतं का? खान काय समजायचं ते समजला. जमीन शेतकऱ्यांकडेच राहिली. लेकी बोले सुने लागे, याचं इतकं मोठं उदाहरण दुसरं सापडायचं नाही!

१२७६ मध्ये सोंग घराण्याचा बालराजा कैद होऊन उत्तरेला आला. पाच वर्षंही पुरी न झालेलं पोर ते. दरबारात विजयाचा जल्लोष चालला होता. छाबी मात्र गप्प. खानानं कारण विचारलं. कोणतंच राज्य हजार वर्षं टिकत नाही असं मी ऐकलंय, आपल्या नातवंडांवर अशी वेळ न येवो म्हणजे झालं, असं ती म्हणाली. सोंगांच्या खजिन्यातल्या वस्तू तिच्यापुढं मांडल्या, तर नुसती नजर टाकून ती निघून गेली. एक वस्तूही घेतली नाही. तिचे शब्द पुढं कसे खरे ठरले ते बघूच.

कारभार कसा चालायचा?

आता कारभाराकडे वळू. इथं मंगोलांनी खरंच कमाल केली.

*डाक* : साऱ्या राज्यात रस्त्यारस्त्यांवर ठाणी होती. एकट्या चीनमध्ये सुमारे १४०० ठाणी आणि त्यांत जवळजवळ ५०,००० घोडे! शिवाय बैल, खेचरं, गाड्या, नावा. उत्तरेच्या बर्फाळ भागात तर कुत्र्यांच्या गाड्यासुद्धा. सरकारी जासुदाच्या गळ्यात किंवा कमरेला धातूची पाटी असे. ती दाखवली की ताजा घोडा, जेवण आणि रात्रीचा निवारा मिळे. पण या सगळ्याचा भार कोणावर? तर ठाण्याजवळच्या गावांवर. घोडे, चारा, माणसं त्यांनीच पुरवायची. सरदार मंडळी खासगी कामांसाठीही या सोयी वापरू लागली, तेव्हा गावं पार पिचून गेली.

*कागदी नोटा* : कुबलाईनं १२६० मध्ये तुतीच्या सालीच्या कागदावर छापलेल्या नोटा काढल्या. कागदी पैसा चीनला नवा नव्हता, पण सगळ्या राज्यात नोटांचंच चलन, हे नवं होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना किंमत कळावी म्हणून नोटेवर नाण्यांच्या माळांचं चित्र असे. आणि खाली ठळक ताकीद, नकली नोटा छापणाऱ्याला मृत्युदंड! सुरुवातीला या नोटांच्या बदल्यात चांदी मिळे, म्हणून लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता.

*धान्य आणि कालवा* : दादूमध्ये माणसं वाढली, पण धान्य पिकायचं दूर दक्षिणेला. ते आणायला जुना मोठा कालवा उत्तरेकडे वाढवला. दादूजवळचा शेवटचा, सुमारे ८० किलोमीटरचा टप्पा क्वो शौचिंग नावाच्या चिनी शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली १२९३ मध्ये पुरा झाला. हाच क्वो शौचिंग आकाशाचाही अभ्यासक. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी तयार केलेलं पंचांग १२८१ मध्ये लागू झालं. त्यात वर्षाची लांबी धरली होती ३६५.२४२५ दिवस. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमागं जे ग्रेगरियन गणित आहे, त्यातही हाच आकडा आहे. आणि ते युरोपात आलं १५८२ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांनी. आहे की नाही गंमत!

*गावं* : १२७० पासून साधारण पन्नास-पन्नास घरांचे गट केले गेले. प्रत्येक गटाला एक अनुभवी प्रमुख. झाडं लावा, पडीक जमीन लागवडीखाली आणा, दुष्काळासाठी धान्य साठवा, रिकाम्या हंगामात मुलांना शाळेत पाठवा, आजारी शेजाऱ्याच्या शेतात मदत करा, अशी कामं त्यानं करून घ्यायची. सरकारनं शेतीवर एक ग्रंथही तयार करून वाटला. तुम्हीच बघा, शेतं मोडून गवत उगवा म्हणणाऱ्यांच्या वंशजांनी शेतीचं पुस्तक काढलं! घोड्यावरून उतरणं म्हणतात ते हेच.

न दिसणारी भिंत

मग बिघडलं कुठं?

मंगोल घोड्यावरून उतरले खरे, पण चिनी माणसाच्या शेजारी बसायची त्यांची तयारी नव्हती. भीती होती ती मूठभर असण्याची. हे एवढे, आपण एवढेसे. ह्यांच्या हाती सत्ता दिली तर आपलं काय? त्या भीतीतून त्यांनी माणसांचे चार वर्ग पाडले.

पहिला वर्ग मंगोलांचा. दुसरा पश्चिमेकडून आलेल्या उइगूर, इराणी, तुर्क वगैरे लोकांचा. तिसरा उत्तर चीनच्या लोकांचा. आणि चौथा, सर्वांत खालचा, दक्षिण चीनच्या लोकांचा. हे सर्वांत शेवटी जिंकले गेले आणि संख्येनं सर्वांत जास्त होते.

नोकरीत हा भेद उघड दिसे. १२६५ च्या हुकमाप्रमाणं जिल्ह्याजिल्ह्यांत देखरेखीचा वरचा अधिकारी मंगोल, त्याच्या हाताखाली काम पाहणारा चिनी आणि त्याच्या जोडीला एक मध्य आशियातला मुसलमान. तिघांनी एकमेकांवर नजर ठेवायची! न्यायातही तेच. मंगोलानं चिनी माणसाला मारलं तर त्यानं उलट हात उगारायचा नाही, फक्त सरकारात तक्रार करायची. चिनी लोकांनी शस्त्रं बाळगायची नाहीत. वेळोवेळी त्यांचे घोडेही काढून घेतले जात.

आणि परीक्षा? चीनमध्ये शेतकऱ्याचा मुलगासुद्धा अभ्यास करून, परीक्षा देऊन मोठा अधिकारी होऊ शकतो, अशी शेकडो वर्षांची रीत होती. सगळ्यांनाच ते जमायचं असं नाही, पण आशा तरी असायची. मंगोलांनी ती परीक्षाच बंद ठेवली. दक्षिणेत तर जवळजवळ चाळीस वर्षं! १३१५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण कशी ते बघा. शेवटच्या फेरीत जास्तीत जास्त शंभर जण निवडायचे, प्रत्येक वर्गातून पंचवीस. वरवर समान वाटतं, नाही? पण मंगोल किती आणि दक्षिणेतले चिनी किती! शिवाय पहिल्या दोन वर्गांना दोनच टप्पे, बाकीच्यांना तीन. आणि निकालाच्या याद्याही वेगवेगळ्या.

एक गोष्ट मात्र न्यायानं सांगायला हवी. कागदावरचे वर्ग आणि प्रत्यक्ष जगणं यांत फरक होता. दक्षिणेतले कितीतरी चिनी जमीनदार ऐषारामात राहत होते, आणि कितीतरी साधे मंगोल शिपाई इतके गरीब झाले की त्यांना आपली मुलं गुलाम म्हणून विकायची वेळ आली. म्हणजे भिंत मंगोलांनी बांधली, पण तिची झळ गरीब मंगोलांनाही चुकली नाही.

तुम्ही काय केलं असतं?

आता क्षणभर स्वतःला त्या काळातल्या चिनी माणसाच्या जागी ठेवा. तुमचा देश हरलाय. नवे राजे परके आहेत. काय कराल?

वेन थ्येनशियांग हा सोंग राज्याचा मंत्री. विसाव्या वर्षी देशातल्या परीक्षेत पहिला आलेला. तो मंगोलांशी लढला, पकडला गेला. कुबलाईला त्याची हुशारी ठाऊक होती. त्यानं त्याला तीन वर्षं दादूच्या तुरुंगात ठेवलं, समजावलं, शेवटी स्वतः समोर बोलावून मोठं मंत्रिपद देऊ केलं. वेन नाही म्हणाला. १२८३ च्या जानेवारीत त्याला मारण्यात आलं. चीनमधली मुलं आजही त्याची गोष्ट वाचतात.

चाओ मंगफू हा तर सोंग राजघराण्यातलाच. चित्रकार आणि फार सुंदर अक्षर असलेला. कुबलाईचं बोलावणं आलं तेव्हा तो दादूला गेला आणि नोकरीत शिरला. लोकांनी नावं ठेवली. पण १२९० मध्ये मोठा भूकंप झाला, माणसं देशोधडीला लागली आणि कर वसूल करणारे तरीही मागं लागले, तेव्हा दरबारात खटपट करून थकलेले कर माफ करवून घेणारा हाच चाओ होता. आत शिरलेल्या माणसालाच ते जमणार होतं.

झंग सुश्याव नावाचा तिसरा चित्रकार. त्यानं ना तलवार धरली, ना नोकरी. तो ऑर्किडची चित्रं काढायचा, पण मुळांभोवती माती काढायचा नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, माती परक्यांनी नेली, दिसत नाही का तुम्हाला! त्याचं तसं एक चित्र आजही जपानमधल्या ओसाका शहरातल्या संग्रहालयात आहे.

आणखी एक वाट होती. परीक्षा बंद झाल्यामुळं शिकलेली बरीच माणसं नाटकं लिहू लागली. अशा लेखकांत क्वान हानछिंगचं नाव सर्वांत मोठं. त्याच्या एका नाटकात तोउ अ नावाच्या निरपराध तरुण विधवेला लाचखाऊ अधिकारी खुनी ठरवतो आणि तिला मृत्युदंड होतो. तिच्यावरच्या अन्यायानं भर उन्हाळ्यात बर्फ पडतं. ते बघायला जमलेल्या प्रेक्षकांना तो अधिकारी कोणासारखा आहे हे सांगावं लागत नसे!

चौघांत बरोबर कोण? उत्तर सोपं नाही. घरात जेवताना हा प्रश्न टाकून बघा. आईचं एक मत असेल, बाबांचं दुसरं, आजोबांचं तिसरंच.

पुन्हा गवताकडे

कुबलाई १२९४ मध्ये वारला. शेवटची वर्षं त्याला कठीण गेली होती. छाबी १२८१ मध्येच गेली होती. जपानवरच्या १२७४ आणि १२८१ च्या दोन्ही स्वाऱ्या फसल्या होत्या, जावावरचीही फसली. लढायांचा खर्च भागवायला नोटा छापल्या, मग आणखी छापल्या. चांदी मिळेनाशी झाली. १२८७ मध्ये नवी नोट काढावी लागली आणि पाच जुन्या नोटांची एक नवी, असा भाव ठरला. म्हणजे घरातल्या डब्यात जपून ठेवलेल्या पैशाची किंमत रातोरात उतरली!

आपल्याकडे मुहम्मद तुघलकानं तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावानं चालवायचा प्रयोग केला, तो तुम्ही शाळेत शिकला असाल. चीनच्या नोटांची कीर्ती त्याच्या कानावर गेली असावी, असं इतिहासकार मानतात. त्याची अशी नाणी आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतही पाडली जात. पुढं त्यानं इब्न बतूता या प्रवाशाला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडलं, तेव्हा तोही दौलताबादवरूनच गेला. प्रयोग दोन्हीकडे फसला, आणि कारणही जवळजवळ तेच. पैशामागं विश्वास नसला की उरतो तो नुसता कागद किंवा नुसतं पितळ.

चीनमध्ये मात्र नुसता पैशावरचा विश्वास उडाला नव्हता. १३३५ मध्ये बायान नावाच्या मंगोल मंत्र्यानं परीक्षा पुन्हा बंद केल्या. चीनमधली सर्वांत जास्त आढळणारी पाच आडनावं असलेल्या सगळ्या लोकांना मारून टाकावं, अशी भयंकर सूचनाही त्यानं केली. बादशहानं ती मानली नाही हे नशीब. काही वर्षांत बायान गेला, परीक्षा परत सुरू झाल्या, पण मनं सांधली नाहीत.

त्यात १३४४ मध्ये पीत नदीला पूर आला. दुष्काळ आणि रोगराई पसरली. त्या वर्षी सोळा वर्षांच्या एका गरीब शेतकऱ्याच्या मुलाचे आई-वडील आणि थोरला भाऊ काही दिवसांच्या अंतरानं गेले. त्याचं नाव चू युआनचांग. पोटासाठी तो मठात भिक्षू झाला आणि दारोदार भीक मागत हिंडला.

१३५१ मध्ये सरकारनं नदीचं पात्र वळवायला दीड लाख माणसं आणि वीस हजार शिपाई कामाला लावले. कामाला लावलेली ही माणसं आधीच गांजलेली. बंडखोरांनी म्हणे नदीच्या पात्रात एक डोळा असलेला दगडी माणूस गुपचूप पुरून ठेवला. तो खणताना सापडला की राज्य बुडणार, अशी आवई आधीच उठवलेली होती. तो सापडला! डोक्याला लाल फडकी बांधलेल्या लोकांचं बंड वणव्यासारखं पसरलं. तो भिक्षू चू युआनचांग १३५२ मध्ये त्यात सामील झाला, आणि १३६८ मध्ये मिंग घराण्याचा पहिला सम्राट झाला. त्याच वर्षी शेवटचा मंगोल बादशहा तोगोन तेमूर रात्रीच्या अंधारात दादू सोडून उत्तरेला निघून गेला. घोड्यावर बसून! छाबी बोलली होती ते खरं झालं.

काय उरलं?

मंगोल गेले, पण त्यांनी मांडलेलं सगळंच पुसलं गेलं नाही. चीनमधल्या आजच्या प्रांतांची मुळं त्यांच्या कारभारात आहेत. बीजिंग राजधानी आहे. कालवा आहे. आणि चू युआनचांगनं सत्तेवर आल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांतच कोणता ग्रंथ लिहवून घेतला असेल? ज्यांना हाकललं त्या मंगोलांच्या राज्याचा इतिहास! त्यांचं काय चांगलं आणि कुठं चुकलं हे आपल्याला माहीत हवं, म्हणून.

बीजिंगच्या उत्तरेला जुयोंग नावाच्या खिंडीत त्यांनी बांधलेली दगडी कमान अजून उभी आहे. तिच्यावर १३४५ मध्ये एकच मजकूर सहा लिप्यांत कोरला. संस्कृत, तिबेटी, उइगूर, तांगूत, चिनी आणि सहावी फाग्सपा लिपी. ही लिपी कुबलाईसाठी एका तिबेटी भिक्षूनं बनवली होती. राज्यातल्या सगळ्या भाषा एकाच लिपीत लिहिता याव्यात हा हेतू. १२६९ मध्ये ती हुकमानं लागू झाली. पण हुकमानं लिपी रुजते होय? लोक आपापल्या अक्षरांतच लिहीत राहिले. ही फाग्सपा निघाली तिबेटी लिपीतून आणि तिबेटी निघाली आपल्या ब्राह्मीच्या कुळातून. म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय त्या देवनागरीची ती लांबची चुलत बहीणच की!

सहा लिप्या एका दगडावर शेजारी शेजारी नांदल्या. माणसांच्या बाबतीत मात्र मंगोलांना ते साधलं नाही. कर कसा घ्यावा, डाक कशी धाडावी, कालवा कसा खणावा, हे सगळं ते शिकले. ज्यांच्याकडून शिकले त्यांच्यावर विश्वास टाकायला मात्र शिकले नाहीत. घोड्यावरून उतरल्यावरचं पुढचं पाऊल तेच होतं.

वर्गाचा मॉनिटर, संघाचा कप्तान, घरातलं थोरलं भावंडं, यांपैकी काहीतरी तुम्ही असालच. मग तुम्हीही कधीतरी घोड्यावर बसलेले असता, बरं का! खाली कधी उतरायचं आणि उतरल्यावर कोणाशेजारी बसायचं, याचा जरूर विचार करा.

आणि हो, जाता जाता एक काम. घरातली एखादी नोट मागून घ्या आणि तिच्या मागच्या बाजूला किती भाषा आणि किती वेगवेगळ्या लिप्या आहेत त्या मोजा. मोजल्यावर नोट परत द्यायला विसरू नका!